तलावाची झाकपाक

ऑरेल शारबोनोच्या डोक्याबद्दल कुणी शंका घेईल, असं रपाँतिनी गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. उभा जन्म त्याने शाळेची पिवळी बस चालवली. कुठलं पोर कुठल्या कोपऱ्यावर उतरतं, कुणाची आजी दारात दिसली नाही तर त्याला खाली सोडायचं नाही, कुणाला शेंगदाण्याचा वाससुद्धा सोसत नाही, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात. सप्टेंबरात शाळेच्या बाई यादी घेऊन यायच्या, तर हा म्हणायचा, “ती तुमच्याजवळच असू द्या बाई, तुम्हाला लागेल.” निवृत्त झाल्यावरही वाणसामानाच्या दुकानात एखादा दाढीवाला बाप्या दिसला की हा त्याला गाठणार आणि सगळ्यांदेखत सांगणार, “तू मार्तेलांचा धाकटा ना? रोज एक हातमोजा बसमध्ये टाकून जायचास. डावाच.” तो बाप्या लाजेने लाल व्हायचा. ऑरेलची बायको सिमोन म्हणायची, “अहो, लोकांना विसरू द्या की थोडं!” पण याची मान ताठ. बँकेत फार काही नव्हतं, डोक्यात मात्र सगळं जागच्या जागी होतं, आणि त्याला त्याचा गर्व होता. असेना का! त्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव त्याने खणून घेतला, तेव्हा मुलगी जोझियान पोहण्याच्या पट्ट्याशिवाय पाण्यात पाय घालत नव्हती. पुढे ती मोठी झाली, लग्न करून नदीपलीकडे लावालला गेली, आणि तलाव सिमोनचा झाला. उन्हाळाभर ती सकाळी कॉफीच्या आधी पाण्यात असायची. काठाला तिने पिओनीची रांग लावली होती, एकेक फूल वाटीएवढं. सिमोन गेली, त्यानंतर ऑरेल स्वतः फारसा कधी पाण्यात उतरला नाही. तलाव मात्र त्याने आरशासारखा ठेवला.

आमच्याकडे तलाव उघडणं सोपं, मिटवणं कठीण. ऑक्टोबरात सुगीच्या सणाची टर्की पोटात जिरली की पुढच्या शनिवारी प्रत्येक अंगणातून कॉम्प्रेसरची धडधड ऐकू येते. पाणी खाली उतरवायचं, पंपाकडून पाइपांत हवा मारायची, म्हणजे जमिनीखालचं पाणी तलावाच्या भिंतीतल्या तोंडांतून बुडबुडत बाहेर पडतं. बुडबुडे जोरात असतानाच त्या तोंडाला रबरी बूच बसवायचं आणि पिळून घट्ट करायचं. मग पाइपांत न गोठणारं गुलाबी अँटीफ्रीझ ओतायचं. यातलं एक जरी राहिलं, तरी जानेवारीत पाइपातलं पाणी गोठतं आणि पाइप उभा चिरतो. हे एकट्याचं काम नाही. एकाने शेडमध्ये कॉम्प्रेसरपाशी थांबायचं, दुसऱ्याने पाण्यात, आणि पाण्यातल्याने “लावलं!” म्हटलं की शेडमधल्याने ते खरं मानून हवा बंद करायची. तिथून भिंतीतलं तोंड दिसत नाही ना!

पाण्यातला माणूस म्हणजे रोझेर. मागच्या घरातला, कुंपणात दोघांनी मिळून पाडलेल्या फाटकातून येणारा, घरांची छपरं घालण्यात आयुष्य काढलेला, आवाज असा की हाक मारली तर चार अंगणांतली कुत्री उठतील. कॉम्प्रेसर दोघांनी मिळून घेतलेला. आधी ऑरेलचा तलाव, मग रोझेरचा, मग रोझेरची बायको म्युरिएल डुकराचं मांस घालून शिजवलेल्या घेवड्याचं भांडं आणायची आणि दोघं ओले, गारठलेले, एकमेकांना शिव्या देत जेवायचे. सिमोनच्या अंत्यविधीला शवपेटीचा पुढचा कोपरा रोझेरच्या खांद्यावर होता. भावाभावांत नसेल इतकं त्यांचं होतं.

आणि मग मागचा वसंत आला. झाकण काढून पंप सुरू केला, तर पाणी टिकेना. पिओनीच्या रांगेखालची जमीन पचपचायला लागली. माणूस बोलावून खणावं लागलं, फुलांची अख्खी रांग मुळासकट उपटून गवतावर टाकली, आणि खाली पाइप हातभर फाटलेला निघाला.

रोझेर काठावर वाकला, भिंतीतल्या तिसऱ्या तोंडाचं बूच त्याने हलवून दाखवलं. “हे बघ, जागच्या जागी आहे. माझ्या हाताने बसवलेलं.” मग जरा थांबून म्हणाला, “तुझ्या बाजूने तर काही राहिलं नाही ना रे? अँटीफ्रीझ ओतलं होतंस?”

ऑरेलने तोंड उघडलं, आणि उत्तर येईना.

आता तुम्हीच सांगा, जे काम हात दरवर्षी आपसूक करतात, ते अमुकच वर्षी केलं होतं याची शपथ कुणाला घेता येईल? त्याला गुलाबी पाणी ओततानाचे आपले हात दिसत होते, पण ते हात कुठल्या वर्षीचे? गेल्या की त्याच्या आदल्या? शाळेतल्या सगळ्या पोरांचे कोपरे पाठ असलेला माणूस पिओनीच्या मुळांकडे बघत राहिला आणि म्हणाला, “ओतलं असेल रे. नाही... मला नाही सांगता येत.” बस्स, तेवढं एक वाक्य. मनात जी पाल चुकचुकली, ती मग गप्प बसेना.

उन्हाळाभर त्याने स्वतःवर पहारा ठेवला. सूप गॅसवर विसरलं आणि करपलं, तर तो हादरला. मॉलबाहेर गाडी सापडेना, तर घाम फुटला. अहो, तिथे कुणाला सापडते? पण नाही, आता प्रत्येक गोष्ट पुरावा झाली होती. आणि वेडा माणूस, हे सगळं जोझियानला स्वतःच्या तोंडाने सांगायचा. ती रविवारी यायची, ऐकायची, ओठ मुडपायची. एकदा जेवणाच्या टेबलावर ती रोझेरला म्हणाली, “तुम्ही रोज बघता त्याला. तुम्हाला काय वाटतं?” रोझेरने मानेमागे खाजवलं. “वय तर सगळ्यांचंच झालंय,” म्हणाला, आणि ब्रेडला लोणी लावायला लागला.

ऑगस्टमध्ये जोझियान त्याला डोक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी घड्याळ काढायला सांगितलं, शब्द पाठ करायला लावले. ऑरेलचा हात कापत होता. जोझियानने टेबलाखालून त्याचा दुसरा हात धरून ठेवला. बाई म्हणाल्या, वयाच्या मानाने ठीक आहे, लक्ष ठेवा. गाडीत बसल्यावर ऑरेल स्वतःच म्हणाला, “ते नदीकाठचं म्हाताऱ्यांचं निवासगृह तू दाखवत होतीस ना... चल, बघून येऊ.” तीन वर्षं तो त्या जागेला ‘बिंगोवाल्यांची छावणी’ म्हणून हिणवत होता. जोझियानला रडू आलं. त्याला वाटलं, पोरीला माझी काळजी.

घर विकलं गेलं. एका तान्ह्या बाळाच्या आईबापांनी घेतलं. ऑरेलने एकच अट घातली, की तलाव तो स्वतः मिटवून देणार. “नव्या लोकांच्या हातात फुटका पाइप द्यायचा नाही मला,” तो म्हणाला.

त्या शनिवारी आभाळ शिशासारखं होतं आणि वरून रानबदकं ओरडत दक्षिणेकडे चालली होती. स्वयंपाकघरात जोझियान ताटल्या कागदात गुंडाळून खोक्यांत भरत होती, गॅसवर वाटाण्याचं सूप रटरटत होतं. रोझेर फाटकातून आला तो मासेमारीची छातीपर्यंतची रबरी पँट खांद्यावर टाकूनच.

“आण ती इकडे,” ऑरेल म्हणाला. “आज पाण्यात मी उतरणार. तू शेडमध्ये थांब. हवा तू मार, अँटीफ्रीझही तूच ओत.”

“का? काय झालं?”

“काय झालं म्हणजे? माझ्या हातून परत काही राहिलं तर? तुझा हात भरवशाचा आहे.”

रोझेरचा चेहरा उतरला. “अरे, कशाला उगाच! पाणी बर्फासारखं आहे. नेहमीचं चाललंय ते बरं चाललंय.”

“नेहमीचंच चाललं म्हणून पाइप फुटला ना? दे इकडे.” ऑरेलने पँट ओढून घेतली आणि पाय घातले. रोझेर ताडमाड, हा बुटका. पँट हनुवटीला लागली, तशी त्याने शिवी हासडली. “तबर्नाक! बुडायचो मी हिच्यात!”

“बुडालास तर जोझियानला काय सांगू?”

“सांग, म्हातारा स्वतःला बूच लावायला विसरला.”

एरवी या वाक्यावर रोझेर शेजारपाजार उठेल असा हसला असता. आज तो शेडकडे चालू लागला. ऑरेलला वाटलं, शेवटची खेप आहे, वाईट वाटत असेल बिचाऱ्याला.

पाणी खरोखरच जीवघेणं गार होतं. पहिलं बूच बसलं. दुसरं बसताना बोटं लाकडासारखी झाली. तिसरं तोंड सगळ्यात खोल, जिथे काठाला पिओनी होत्या आणि आता नुसता मातीचा पट्टा होता, तिथलं. ऑरेलने खांद्यापर्यंत हात घातला, मान वळवून गाल पाण्यापासून वाचवत बूच चाचपलं, बुडबुड्यांच्या जोरावर दाबून धरलं, पिळलं, आणखी पिळलं. घट्ट लागलं.

“लावलं!” तो ओरडला. “बंद कर हवा!”

हवा बंद झाली नाही. उलट रोझेरच शेडमधून धावत बाहेर आला. “थांब, थांब! अजून दोन पीळ दे. बोटं बधिर झाली की घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण बसलेलं नसतं ते. थंडीत हळूच निसटतं आणि तळाला जातं, मागच्या खेपेला जसं—”

त्याने जीभ चावली. शेडमध्ये कॉम्प्रेसर धडधडत होता.

ऑरेलचा हात अजून पाण्यातच होता. “मागच्या खेपेला जसं काय?”

“काही नाही. सहज म्हटलं.”

“रोझेर, मागच्या खेपेला बूच जागेवर होतं. तूच मला हलवून दाखवलंस.”

रोझेर काठावर मटकन बसला. छपरं घालणारा एवढा मोठा गडी, पण अंगातली हवा गेल्यासारखा दिसत होता. “तू उठायच्या आधी आलो होतो मी,” तो म्हणाला. “मे महिन्यात. म्हटलं, झाकणावरची पानं काढून ठेवावी. झाकण उचललं तर बूच तळाला पडलेलं. जाळीने काढलं आणि लावलं परत.”

“लावलंस परत.”

“मला वाटलं, कदाचित काही झालं नसेल. कदाचित पाइप शाबूत असेल. मग ते खणायला लागले, सिमोनची फुलं उपटून टाकली, तुझा चेहरा असा झाला... माझी जीभच उचलेना रे. तोंडातून भलतंच निघून गेलं.”

“भलतंच? तू मला विचारलंस, अँटीफ्रीझ ओतलं का म्हणून! माझ्या तोंडावर विचारलंस!” ऑरेल पाण्यातून बाहेर आला, पँटमधून धारा लागल्या होत्या. “सहा महिने, मेल्या, सहा महिने मी माझ्याच डोक्याला घाबरून जगतोय! गॅस बंद केला का म्हणून तीनतीनदा बघायला उठतोय! माझ्या टेबलावर बसून लोणी खात होतास तू, आणि मी तुझ्यासमोर वेडा होत होतो! एक शब्द नाही बोलवला तुला?”

“बोललो,” रोझेर खाली बघून म्हणाला.

“कधी?”

“जुलैमध्ये. मला सहन होईना. तुला सांगायचा धीर नव्हता, म्हणून जोझियानला फोन केला. सगळं सांगितलं, अगदी सगळं. म्हटलं, तूच सांग त्याला तुझ्या पद्धतीने. ती म्हणाली, सांगते.” मग तो जास्तच हळू आवाजात म्हणाला, “नंतर म्हणाली, राहू दे आता.”

ऑरेल ताडकन वळला. शेडमध्ये जाऊन त्याने कॉम्प्रेसर बंद केला आणि तसाच, चिखलाचे रबरी पाय घेऊन, स्वयंपाकघरात शिरला.

“पापा! अरे, फरशी आत्ताच पुसली मी! ती पँट बाहेर—”

“रोझेरने जुलैमध्ये तुला काय सांगितलं?”

जोझियानच्या हातात अर्धी गुंडाळलेली ताटली होती. ती तिने हळूच टेबलावर ठेवली. खोटं बोलायचा विचार तिच्या मनात आला असेल तर तो टिकला नाही, कारण बापाचा चेहरा तिने पाहिला होता.

“बूच त्याच्याकडून ढिलं राहिलं होतं म्हणाला.”

“म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं.”

“नव्हतं चुकलं.”

“आणि तू म्हणालीस, राहू दे.”

“पापा, प्रश्न पाइपाचा नव्हताच!” ती एकदम भडकली. “मम्मा गेल्यापासून तू एकटा राहतोस. तळघराचा तो जिना बघितलायस? छपरावरचा बर्फ काढायला शिडी लावून चढतोस, या वयात! तीन वर्षं मी घसा फोडतेय आणि तू मला हसण्यावारी नेतोस. फोन वाजला की वाटतं, तू पडलास कुठेतरी. पाइप फुटला आणि पहिल्यांदाच तू माझं ऐकलंस. मग मी काय करायचं होतं? ‘पापा, तुझं डोकं ठणठणीत आहे’ असं सांगून परत त्या शिडीवर चढवायचं तुला?”

ऑरेल खुर्चीला धरून उभा होता. त्याच्या पायांखाली पाण्याचं डबकं झालं होतं. “डॉक्टरीणबाईंकडे आपण ऑगस्टमध्ये गेलो,” तो म्हणाला.

जोझियानने डोळे मिटले.

“माझा हात कापत होता. घड्याळाचा काटा काढता येईना मला. तू टेबलाखालून माझा हात धरलास. तेव्हा तुला माहीत होतं.”

“तपासून घेतलं तर काय बिघडलं? सगळेच घेतात या वयात...”

“तेव्हा तुला माहीत होतं, जोझियान.”

“हो,” ती म्हणाली. “माहीत होतं.”

सूप उतू जायला लागलं. ऑरेलने हात लांब करून गॅस बारीक केला आणि बाहेर आला.

रोझेर अजून काठावरच होता. “ऑरेल, बाकीचं मी करतो, तू आत जा, गारठशील...”

“घरी जा.”

“एवढं तरी—”

“घरी जा म्हटलं ना! आणि तो कॉम्प्रेसर घेऊन जा. माझा अर्धाही ने.”

रोझेर उठला, पण कॉम्प्रेसर काही त्याने नेला नाही, नुसताच फाटकातून गेला. मग ऑरेलने ते दोघांचं काम एकट्याने केलं. शेडमध्ये हवा सुरू करायची, धावत येऊन पाण्यात उतरायचं, तिसरं बूच तपासायचं, परत शेडकडे पळायचं. मध्येच पाय घसरून पडला, गुडघा सोलवटला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जोझियान बघत होती आणि बाहेर यायला धजत नव्हती. अँटीफ्रीझ ओतताना तो मोठ्याने बोलला, “ओततोय. मी ऑरेल शारबोनो, आज शनिवारी, हे ओततोय.” ऐकायला कुणी नव्हतं. पण त्याला ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

राहिलं झाकण. ते मात्र एकट्याने ओढता येतच नाही, तलावाच्या दोन्ही अंगांना माणूस लागतो. ऑरेलने एकट्याने ओढून बघितलं, झाकण पाण्यात गेलं. मग दार उघडल्याचा आवाज आला आणि जोझियान पलीकडच्या काठाला येऊन उभी राहिली. त्याने तिला हाकललं नाही. दोघांनी दोन टोकं धरली आणि हिरवं झाकण पाण्यावरून सरकत निघालं.

अर्ध्यावर आल्यावर ती म्हणाली, “पापा, काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर.”

“काय बोलू?”

“व्यवहार मोडायला नोटरीकडे जाऊ आपण. अजून वेळ आहे. तुला जायचं नसेल तर मी त्या लोकांशी बोलते, त्यांची माफी मागते, घर...”

“घर दिलं ते दिलं. त्या बाळाची खोली रंगवून झालीये,” ऑरेल म्हणाला. “आणि जिन्याचं म्हणतेस तेही खोटं नाही. तू मला सरळ सांगितलं असतंस, ‘पापा, तुझं डोकं शाबूत आहे, पण मला भीती वाटते,’ तर मी भांडलो असतो, चार दिवस फोन उचलला नसता, आणि मग आलो असतो. तुझ्या आईने मला असंच वळवलं जन्मभर. तुला माहीत आहे ते.”

जोझियान रडत होती. नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

“पण एक सांग मला,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्यात कसलीच ऊब राहिली नव्हती. “उद्या माझं डोकं खरोखर जायला लागेल. माझा बाप तसाच गेला, माझंही जाईल कदाचित. मला स्वतःला ते कळणार नाही. कुणीतरी जवळचं माणूसच सांगतं ते. रोझेर सांगेल, नाहीतर तू सांगशील, एवढाच मला आधार होता. आता तुमच्यातल्या कुणी मला सांगितलं की ‘ऑरेल, तू विसरायला लागलायस,’ तर ते खरं आहे की माझ्या भल्यासाठी आहे, हे मी कसं ओळखू?”

ती पलीकडच्या काठावर झाकणाची कड धरून उभी राहिली. तिने दोनदा तोंड उघडलं. तो वाट बघत थांबला होता, खरंच थांबला होता, कारण त्याला उत्तर हवं होतं. ते आलं नाही.

“ओढ मग,” ऑरेल म्हणाला. “अंधार पडायच्या आत बांधून होऊ दे.”